मनाचे दुखणे आणि तहसिलीचा अर्ज

यंत्रात हात सापडला, तर भरपाई कशी मागावी, हे आमच्या चंद्रपुरात पानवालाही सांगतो. पण नोकरी सुटलेला माणूस भिंतीकडे पाहत बसू लागला, की घरचे म्हणतात, "नजर लागली!"

वाचकहो, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मनोविकाराचेही नाव आहे. सरकारी रुग्णालयाने ४० टक्क्यांचा दाखला दिला आणि घरचे उत्पन्न बेताचे असले, तर संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसिलीत करता येतो. कामगार विमा असल्यास तीव्र मनोविकारात दीर्घ आजाराचा भत्ताही आहे; पण तो नोकरी टिकून असतानाच मागावा.

सिरोंच्याहून गडचिरोली सुमारे २०० किलोमीटर. ज्याचे मन खचले, तो एकटा रांगेत कसा उभा राहील? म्हणून मी म्हणतो, लाज बाजूला ठेवा, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या जपा आणि त्याच्यासोबत जा.