अंगणातून जाणारी वाट

शिकागो नगरापासून सुमारे १३० किलोमीटर अंतरावर, अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात, जिनिव्हा नावाचे सरोवर आहे. शिकागो परिसरात स्थायिक झालेल्या भारतीय कुटुंबांना सकाळी निघून सायंकाळी परतता येईल असे हे ठिकाण. या सरोवराला काठाकाठाने एक पायवाट पूर्ण प्रदक्षिणा घालते. तिची लांबी सुमारे ३४ किलोमीटर आहे. पहाटे निघालेला धडधाकट मनुष्य दिवस मावळेपर्यंत ती पुरी करू शकतो.

वाटेचे वैशिष्ट्य तिच्या लांबीत नाही, तर ती कोठून जाते यात आहे. एका हाताला धनिकांचे प्रासादतुल्य वाडे आणि त्यांची राखलेली हिरवळ. दुसऱ्या हाताला पाणी आणि त्याच वाड्यांचे खासगी धक्के. या दोहोंच्या मधून, म्हणजे अक्षरशः लोकांच्या अंगणातून, कोणीही चालत जाऊ शकतो. त्यासाठी तिकीट काढावे लागत नाही की परवानगी मागावी लागत नाही. जमीन मालकाची, पण त्या अरुंद पट्टीवरून जाण्याचा हक्क सर्वांचा. आपल्याकडे ज्याला वहिवाट म्हणतात, त्याचेच हे रूप होय.

ही वहिवाट वाड्यांहून फार जुनी आहे. सरोवराच्या काठी पोटावाटोमी या मूळ रहिवाशांची गावे होती आणि एका गावातून दुसऱ्या गावी जाताना त्यांच्या पावलांनी ही वाट पडली. १८३३ साली शिकागो येथे झालेल्या करारान्वये त्यांची भूमी त्यांच्या हातून गेली. १८३६ साली येथील लोकांना आपल्या प्रमुखासह हा काठ सोडून पश्चिमेकडे जावे लागले. नव्या वसाहतकारांनी जमिनीचे तुकडे पाडले, सरोवराचे नावही बदलले. वाट मात्र वापरात राहिली.

१८७१ च्या ऑक्टोबरात शिकागोचा मोठा भाग आगीत भस्मसात झाला. त्यानंतर तेथील अनेक संपन्न कुटुंबे उन्हाळ्यात या काठावर येऊन राहू लागली. च्युइंगमच्या व्यापारातून नावारूपाला आलेले रिग्ली घराणे येथलेच. शिकागोचे धनाढ्य व्यापारी ऑटो यंग यांनी बांधलेला ‘स्टोन मॅनर’ हा दगडी प्रासाद आजही पाण्यावरून दुरून दिसतो. या मंडळींनी जमिनी घेतल्या तेव्हा वाट त्यांच्या आधीपासून तेथे होती. बागांचे माळी, गवंडी, सुतार आणि घरकामाची माणसे याच वाटेने कामावर येत. ती बंद करणे म्हणजे स्वतःच्याच घराचा व्यवहार अडवणे ठरले असते.

वाटेची निगा ज्याची जमीन त्याने राखायची, अशी येथील रीत आहे. त्यामुळे दर काही पावलांनी तिचे रूप पालटते. कोठे विटांची फरसबंदी, कोठे खडी, कोठे लाकडी फळ्या, कोठे नुसते गवत, तर कोठे झाडांच्या उघड्या मुळ्या आणि चिखल. एक हद्द संपून दुसरी लागली, हे डोळ्यांआधी पायांना कळते. मात्र एवढ्या साऱ्या मालकांपैकी एकानेही फाटक लावून कुलूप घातले, तर प्रदक्षिणा तेथेच खंडित होईल. उरलेल्या सर्वांचे औदार्य मग अपुरे पडेल.

चालणाऱ्यावरही तितकीच बंधने आहेत. वाट सोडून हिरवळीवर पाऊल टाकू नये. खासगी धक्क्यावर जाऊ नये. सायकल आणू नये. कुत्रा सोबत असल्यास त्याला बांधून न्यावे. अमुक ठिकाण रम्य दिसते म्हणून तेथे शिदोरी सोडून बसू नये. हक्क जाण्याचा आहे, मुक्कामाचा नाही. काही घरांच्या खिडक्या इतक्या जवळ आहेत की आत कोण जेवत आहे, हेही दिसावे. तेथे नजर पाण्याकडे ठेवणे आणि आवाज खाली आणणे, हे कोणत्याही फलकावाचून समजावयास हवे. ज्या घराच्या व्हरांड्यापुढून सुटीच्या दिवशी परक्यांची रांग जाते, त्या घरानेही काही सोसलेले असते.

याच काठावर संपत्तीचे अन्य उपयोगही दिसतात. मेरी स्टर्जेस या बाईंनी १८९४ साली आपले सरोवरकाठचे घर आणि जागा ग्रंथालय व उद्यान यांसाठी नगराला दिली. आज त्या जागेवर नवी इमारत आहे. पण पाण्याकडे तोंड करून वाचत बसण्याची सोय सर्वांसाठी कायम आहे. विल्यम्स बे या काठावरील गावात शिकागोच्या ट्राम-व्यवसायातील चार्ल्स येर्केस यांच्या पैशातून १८९७ साली वेधशाळा उभी राहिली. पुढे नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरलेले सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर १९३७ साली तेथे रुजू झाले आणि १९६४ पर्यंत याच गावी राहिले.

तरीही या रम्य वाटेवरून चालताना एक गोष्ट मनाला टोचल्यावाचून राहत नाही. आज तेथून कोणीही जाऊ शकतो. पण ज्यांच्या पावलांनी ती पडली, त्यांना मात्र तेथे राहू दिले गेले नाही. जाण्याचा हक्क टिकला, राहण्याचा टिकला नाही. मालकीची कागदपत्रे कितीही पक्की असली, तरी त्यांच्या आधीही तेथे कोणीतरी होते, याची ही वाट म्हणजे उघड्यावर पडलेली नोंद आहे.

व्यापारी कुटुंबात जमीन घेताना खरेदीखत बारकाईने तपासले जाते. चतुःसीमा वाचल्या जातात, मोजणी होते, कुंपणाचा खर्च काढला जातो. त्याच वेळी त्या जमिनीवरून आजवर कोण जात-येत होते, कोणाची शाळेची, विहिरीची वा शेताची वाट तेथून होती, हेही विचारून घ्यावे. कुंपण घालणे सोपे असते. त्यात एक हात रुंदीची वाट मोकळी सोडल्याने जमीन फारशी कमी होत नाही. शेजारी मात्र टिकून राहतो.