किट वाटून छप्पर बसत नाही

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, खाली दापोली, मंडणगड... एका दुपारी हजारो घरांची कौले-पत्रे उडाले. आम्ही पुण्यातले बारा जण, बहुतेक आयटीवाले, आठवड्याभरात तिथे पोहोचलो. गाडीत रेशन किट आणि फोनमध्ये मी रात्रभर जागून बनवलेला नुकसान-नोंदणीचा फॉर्म. गावात ना वीज, ना टॉवर. फॉर्म कुणी उघडलाच नाही.

एका खालाच्या घरात आधीच चार किट येऊन पडली होती. वर आकाश, आणि तांदळाच्या पिशवीवर पाणी ठिबकतेय. "बेटा, हे ठेवू कुठे तेवढं सांग," त्या म्हणाल्या.

त्यांना हवे होते पत्रे, रिपा, हुक आणि सुतार. पत्र्याचे भाव चढलेले, सुताराला दहा घरांची बोलावणी. मुलगा कुवेतमध्ये, विमाने बंद. घर अजून मरहूम सासऱ्यांच्या नावावर, वारस नोंद नाही. शासनाने पूर्ण पडलेल्या घराला दीड लाख जाहीर केले खरे, पण जांभ्याच्या भिंती उभ्या म्हणून पंचनाम्यात 'अंशतः' लागले. नमुना 8 चा उतारा, मृत्यूचा दाखला, तलाठ्याकडे खेपा, ही कामे इंजिनिअरला जमतात. फक्त दोन दिवसांत होत नाहीत.

आम्ही तिघे राहिलो. शेजारच्या वाडीतल्या सुतारकाकांनी मला शिकवले की पत्र्याला भोक उंचवट्यावर पाडायचे, खोलगटात पाडले तर पाणी तिथूनच आत. चार वर्षांच्या पदवीत हे कुणी सांगितले नव्हते.

बाकीचे नऊ जण परतले आणि फोटो फिरू लागले : 'मुस्लिम तरुणांनी जपली माणुसकी'. मोह मला कळतो. दोनच महिन्यांपूर्वी टीव्हीवाले आपल्याला कोरोना पसरवणारे म्हणत होते. पण त्यांच्यापुढे आपली सफाई द्यायला खालाचा पडका संसार का वापरायचा? त्यांना विचारले होते का कुणी? आणि शेजाऱ्याचे छप्पर बसवायला आपण कुणाच्या प्रशस्तिपत्राची वाट बघतोय? जकात देताना तर आपण आपल्या उजव्या-डाव्या हाताच्या गोष्टी करतो!

डिसेंबरमध्ये मी परत गेलो. पावसाळा संपला होता, तरी त्या मोहल्ल्यात सहा घरांवर अजून ताडपत्री होती. किट वाटणारी एकही गाडी दिसली नाही.

पुढच्याच वर्षी, 22 जुलैला, चिपळूण बुडाले. आमच्या ग्रुपवर पहिला मेसेज आला, "किट किती करायची?"

मी लिहिले, "वायरमन किती मिळतील? सुतार? महिनाभर सुट्टी कोण काढणार?"

बावन्न जणांनी वाचले. दोन दिवस कुणीच काही लिहिले नाही.