पासबुक तिचं, ओटीपी कुणाचा?

‘लाडकी बहीण’चे १५०० रुपये २०२४ पासून बहिणींच्या खात्यात येऊ लागले. खातं तिचं, पण मोबाइल नंबर भावाचा आणि एटीएमचा पिन शौहरला पाठ. मी सॉफ्टवेअरवाला; आमच्या लेखी ओटीपी ज्याच्या फोनवर येतो, मालक तोच. मेहर बीवीचीच, असं सूरह निसा सांगते. निकाहनाम्यात आकडा लिहितो, मग ती ठेवायला तिच्या ताब्यातलं खातं का नाही?

मोमिनपुऱ्यात महिलांसाठी शनिवार-रविवारचं अर्थशिबिर घ्यायचं तर म्युच्युअल फंडापासून सुरुवात नको. चर्चा व्याजावरच अडकते. आधी प्रत्येकीने बँकेत जाऊन स्वतःचा नंबर जोडावा, पिन बदलावा. शनिवार मात्र पहिला किंवा तिसरा निवडा, दुसऱ्या-चौथ्याला बँक बंद. आणि भावांनो, तेवढा वेळ मुलं आपण सांभाळू.