दोरीला बांधलेलं पेन

गेल्या दिवाळीच्या आधी सोसायटीच्या मेंटेनन्सचा माझा चेक परत आला. सोबतच्या मेमोवर कारण होतं, ‘ड्रॉअर्स सिग्नेचर डिफर्स’. सही जुळत नाही. खात्यात पैसे होते, तारीख बरोबर होती, सही मीच केली होती. तरी भांडायला तोंड नव्हतं. बँकेत तेहतीस वर्षं काढलेली मी. त्यातली बारा तर पासिंगच्या टेबलावर लोकांच्या सह्या स्पेसिमेन कार्डाशी ताडून बघण्यात गेली. असे मेमो मी स्वतः किती लिहिले, त्याला गणती नाही.

शाखेत गेले. काउंटरवरच्या मुलाने स्क्रीन माझ्याकडे वळवली. एकीकडे माझी वीस-बावीस वर्षांपूर्वीची सही, आडनावाखाली एका झटक्यात ओढलेली रेघ. दुसरीकडे आत्ताची, अक्षरं घसरगुंडीवरून उतरलेली आणि रेघ मध्येच तुटलेली. “मॅडम, पुन्हा एकदा करून दाखवता?” म्हणत त्याने दोरीला बांधलेलं पेन पुढे सरकवलं. काडीसारखं बारीक, टोपण कधीचंच हरवलेलं. ते बघूनच अंगठ्यात कळ आली. तीनदा सही केली, तिन्ही वेळा वेगळी आली.

“नवीन स्पेसिमेन द्या, नाहीतर मग अंगठा चालेल, मॅडम. तशी सोय आहे,” तो अगदी अदबीने म्हणाला. चुकीचं काहीच बोलला नाही. आजारी, वृद्ध खातेदाराला सही जमत नसेल तर दोन साक्षीदारांसमोर, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी, अंगठा घ्यावा, अशी रिझर्व्ह बँकेची सूचनाच आहे. हाताचा अंगठा नसेल जमत तर पायाचाही चालतो. मीही कितीतरी आजोबांपुढे शाईचं पॅड सरकवलंय. पण एम. कॉम. झालेली बाई आयुष्यभर दुसऱ्यांच्या सह्या तपासून शेवटी अंगठेबहाद्दर होणार, हे पचवायला जड गेलं. आणि नवीन स्पेसिमेन द्यायचं तर आजची सही उद्याच्या सहीशी जुळेल, याची मलाच खात्री नव्हती.

माझ्या अंगठ्याच्या मुळाचा सांधा झिजला आहे. पाळी गेल्यानंतरच्या वयात बायकांमध्ये हे सर्रास आढळतं. चिमटीत एक किलोचा दाब दिला तर या सांध्यावर तो साधारण बारा किलोंच्या घरात जातो. किल्ली फिरवणं, बरणीचं झाकण उघडणं, दुधाची पिशवी चिमटीत धरणं, सगळ्याची वसुली तिथेच होते. लिहिण्याचं तर विचारूच नका. आम्ही कार्बनच्या काळातले कारकून. व्हाउचर असो की ड्राफ्ट, खालची प्रत उठली पाहिजे म्हणून बॉलपेन दाबून लिहायचं. कार्बन गेला, कॉम्प्युटर आला, हाताची सवय मात्र गेली नाही. लेखनिकांच्या या हालांबद्दल रामाझिनी नावाच्या इटालियन डॉक्टराने अठराव्या शतकाच्या सुरुवातीलाच लिहून ठेवलंय: सतत बसणं, हाताची तीच ती हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून डोक्याला ताण. बँकेतल्या मार्च अखेरीचं वर्णन याहून वेगळं काय करणार!

हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी एक्स-रे बघितला, गोळ्या दिल्या, अंगठ्याला पट्टा दिला, “लिहिणं कमी करा” म्हणाले. पेनाबद्दल अवाक्षर नाही. ते विचारलं तिथल्याच ऑक्युपेशनल थेरपीच्या विभागातल्या मुलीने. “काकू, लिहिता कशाने?” मी पर्समधलं पेन काढलं. तिने एका कागदावर चार ओळी लिहायला सांगितल्या आणि अक्षराकडे न बघता माझ्या नखाकडे बघत राहिली. “बघा, नख पांढरं पडतंय.” मग कागद उलटा करून माझं बोट त्यावरून फिरवलं. प्रत्येक अक्षर मागच्या बाजूला उठलेलं, ब्रेलसारखं हाताला लागत होतं. तेहतीस वर्षं मी कागद कोरत होते.

हाताचं काम आणि हातातली वस्तू यांची सांगड घालणारं हे शास्त्र आपल्याकडे रुजलं ते मुंबईतच. जन्माने अमेरिकन आणि लग्नाने मराठी झालेल्या कमला निंबकर यांनी १९५० मध्ये केईएम रुग्णालयात या विषयाची शाळा काढली, आशियातली पहिली. पंचाहत्तर वर्षं उलटली, तरी हात दुखतो म्हणून या लोकांकडे जावं, हे आपल्या डोक्यात येत नाही.

त्या मुलीने सांगितलं ते फार सोपं होतं. वस्तू जितकी बारीक, तितकी बोटं जास्त आवळावी लागतात. पेन जाड झालं की मूठ सैल पडते. दुसरं म्हणजे शाई. बॉलपेनची शाई घट्ट, टोकातला गोळा फिरायला दाब लागतो. जेलपेन किंवा फाउंटन पेन कागदाला नुसतं टेकलं तरी चालतं. तेव्हा जाड, हलकं, न घसरणारं आणि आपणहून वाहणारं पेन घ्यायचं.

उत्साहाच्या भरात मी ऑनलाइन आठशे रुपयांचं एक पेन मागवलं, बेचकीच्या आकाराचं, बोट दोन फाट्यांमध्ये घालून लिहायचं. कुणाला ते वरदान वाटत असेल. माझी सही त्याने होईना, आणि नातवाने त्याला रबर लावून खरोखरच बेचकी केली. मग पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात पेनाच्या दुकानात गेले. “जाड पेन दाखवा,” म्हटल्यावर दुकानदाराने भेटवस्तूंची धातूची जड पेनं काढली. पेनाचा रंग, टोक, कंपनी, किंमत सगळं तिथे कळतं. जाडी विचारणारं गिऱ्हाईकच त्यांना माहीत नाही. चप्पल घेताना आपण चार पावलं चालून बघतो. पेन घेताना मात्र पावतीच्या पाठीवर एक वेटोळं काढून निघतो. जपानच्या पायलट कंपनीने मान, खांदे, हात दुखणाऱ्या लिहित्या लोकांचा विचार करून ‘डॉक्टर ग्रिप’ हे जाड, मऊ पकडीचं पेन आणलं, तेही १९९१ मध्ये. म्हणजे ही कल्पना काही नवी नाही.

माझा उपाय शेवटी घरातच सापडला. एसी बसवणाऱ्याने तांब्याच्या नळीवर चढवायच्या काळ्या फोमचा तुकडा बाल्कनीत टाकला होता. तो बोटभर कापून दहा रुपयांच्या जेलपेनवर चढवला. पेन जवळजवळ इंचभर जाड झालं, दिसायला गाजरासारखं. पण पान भरून लिहिलं आणि नख गुलाबीच राहिलं.

या पेनाने सांधा बरा झाला नाही, होणारही नाही. आणि प्रत्येक दुखऱ्या हाताला हेच औषध नाही. बोटांना मुंग्या येत असतील तर मनगटातली नस दाबली गेलेली असू शकते. लिहायला घेतल्याबरोबर बोटं वाकडी होत असतील, तर ते ‘रायटर्स क्रॅम्प’चं दुखणं असू शकतं, त्याचं मूळ हातात नसून मेंदूकडून येणाऱ्या हुकमात असतं. तिथे आधी डॉक्टर, मग पेन.

हाच रायटर्स क्रॅम्प असलेल्या एका उमेदवाराला लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत लेखनिक नाकारला गेला होता. ‘विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग’ या खटल्यात ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की लेखनिक मिळण्यासाठी चाळीस टक्के अपंगत्वाची अट लावता येणार नाही. पुढच्या वर्षी केंद्राने त्याप्रमाणे मार्गदर्शक सूचनाही काढल्या. निकाल मोठाच आहे. पण मला त्यात आपल्या सगळ्या व्यवस्थेची एक सवय दिसते. सही जमत नाही? अंगठा द्या. लिहिता येत नाही? लेखनिक घ्या. या दोन टोकांच्या मध्ये एक वस्तू असते, पेन, आणि तिच्याकडे कुणी बघतच नाही. लेखनिक ज्यांना लागतो त्यांना मिळालाच पाहिजे. पण असे कितीतरी हात असतील, ज्यांना दुसऱ्याचा हात नको असतो, फक्त आपल्या हाताला जरा जाड काहीतरी हवं असतं.

“हल्ली लिहितंय कोण?” असं माझा मुलगा म्हणतो. दहावी-बारावीची पोरं तीन-तीन तास लिहितात. अंगणवाडीच्या सेविका, हवालदार, नर्सबाई रजिस्टरं भरतात. राहिला मोबाइल, तर तोही त्याच अंगठ्याने चालतो.

बॅटीच्या दांड्यावर एकावर एक ग्रिप चढवणाऱ्याला कुणी नाजूक म्हणत नाही. खुरप्याच्या मुठीला चिंधी गुंडाळणारी बाई शहाणीच ठरते. मग जाड पेनाची लाज का? मागणं मोठं नाही. दुकानदारांनी दोन-चार जाडीची पेनं समोर ठेवावीत आणि चार ओळी लिहू द्याव्यात. शाळांनी अक्षर वळणदार नाही म्हणून रागवण्याआधी मुलाचं नख बघावं. जिल्हा रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपिस्ट असावा. आणि जिथे जिथे पेन्शनर सही करतात, तिथे एक तरी जाड पेन असावं.

पेनावर फोम चढवला त्याच्या पुढच्या आठवड्यात मी माझं गाजर घेऊन शाखेत गेले आणि नवीन स्पेसिमेन दिलं. तीन सह्या, तिन्ही सारख्या. निघताना पर्समधला फोमचा जादा तुकडा दोरीच्या पेनावर चढवून आले. महिन्याने पासबुक भरायला गेले, तर दोरी होती, पेन होतं, फोम नव्हता. आधी वाईट वाटलं, मग हसू आलं. बँकेने पेनाला दोरी लावली होती, फोमला लावायचं माझ्या लक्षात आलं नव्हतं. कुणाच्या तरी अंगठ्याने तो घरी नेला असणार.