कौल लागल्यानंतर

माझे आजोळ खानापूर तालुक्यात, विट्यापासून दहा-बारा मैलांवर. एरवी गावातल्या निम्म्या घरांना कुलपे असतात. चैत्रातल्या यात्रेत मात्र ते गाव चार दिवस गजबजून जाते. देवळामागच्या माळावर लागलेल्या गाड्यांच्या नंबरपाट्या नुसत्या वाचत गेले तरी भारताचा नकाशा पाठ व्हावा. केरळ, तामिळनाडू, बंगाल, दिल्ली! ही सारी गलाईवाल्यांची घरे. जुने दागिने आणि मोड आटवून सोने-चांदी शुद्ध करून देण्याचा हा धंदा. दुष्काळाने पिढ्यान् पिढ्या पिचलेल्या खानापूर-आटपाडीच्या माणसांनी तो देशाच्या कानाकोपऱ्यांत नेला. यात्रेत त्यांची नातवंडे आपापसात मल्याळम् नाही तर तमिळ बोलतात आणि आजीपुढे आली की अडखळत मराठी.

अशाच एका यात्रेत पारावर बसलो होतो. विषय निघाला बागेतल्या मजुरांचा. अलीकडे आमच्याकडे द्राक्षाच्या छाटणीला, विरळणीला, बेदाण्याच्या शेडवर बिहारकडची पोरे येतात. एक तरुण बागाईतदार तावातावाने म्हणाला, ‘‘लई झाली ही बाहेरची. एकदा गावाचं मत घ्या आन् सोक्षमोक्ष लावून टाका.’’

चाळीस वर्षे केरळात गलाईचे दुकान चालवून परतलेले माझे थोरले मामा शेजारीच होते. ते शांतपणे म्हणाले, ‘‘तिकडच्या गावानं आमच्याबद्दल असंच मत घेतलं असतं, तर ह्या देवळाला कळस चढला असता का रं?’’

पार क्षणभर गप्प झाला. कळसाचा पैसा कुठून आला होता, हे सगळ्यांनाच ठाऊक होते. माझ्या मनात मात्र तो शब्द घोळत राहिला. ‘मत घ्या.’ किती सोपे वाटते! हात वर करा, मोजा, प्रश्न मिटला. पण लोकांना थेट विचारून प्रश्न खरोखर मिटतो का? याचे उत्तर शोधायला आपल्याला फार लांब जावे लागत नाही. सांगलीहून घाट उतरला की गोवा आहे.

स्वतंत्र भारतात जनतेचा असा थेट कौल क्वचितच घेतला गेला. जुनागढमध्ये १९४८ साली, सिक्कीममध्ये १९७५ साली. पण आपल्या, म्हणजे मराठी माणसाच्या काळजाशी निगडित असा कौल एकच : १६ जानेवारी १९६७चा गोव्याचा. प्रश्न दोन ओळींचा होता. गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हावे, की केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळे राहावे? विलीनीकरणाची खूण फूल, वेगळेपणाची खूण दोन पाने. त्यासाठी संसदेने १९६६मध्ये खास कायदा केला. मतदान निःपक्षपाती व्हावे म्हणून मुख्यमंत्री दयानंद बांदोडकरांनी डिसेंबरात राजीनामा दिला.

सव्वातीन लाखांच्या आसपास मतदान झाले. १,७२,१९१ मते वेगळेपणाला पडली आणि १,३८,१७० विलीनीकरणाला. फरक ३४,०२१ मतांचा. शेकड्यात सांगायचे तर ५४ विरुद्ध साडेत्रेचाळीस. घाटावरच्या आपल्या माणसांना हा निकाल बसलेल्या थपडेसारखा वाटला. ‘मराठी वाचणारा, मराठी नाटके पाहणारा, मराठी अभंग गाणारा गोवा आपल्याला नको कसा म्हणतो?’ हा प्रश्न कितीतरी घरांत विचारला गेला असेल. आमच्याकडे तो मी लहानपणी आजोबांच्या तोंडून ऐकला आहे.

पण हा निकाल नुसत्या भाषेचा नव्हता. १९६१ साली गोवा मुक्त झाल्यावर कारभार चालवायला शेजारच्या राज्यांतून अधिकारी प्रतिनियुक्तीवर गेले. ‘आमच्या कचेऱ्यांत बाहेरची माणसे आली’ ही सल तिथून धरली. विलीन झालो तर आपण महाराष्ट्रातला एक कोपऱ्यातला जिल्हा होऊ, एक कलेक्टर येईल, नोकऱ्या घाटावरची पोरे नेतील, अशी भीती होती. महाराष्ट्रात दारूबंदी होती, तेव्हा माडावर पोट भरणाऱ्यांचे काय, हीसुद्धा चिंता होती. आणि कोकणीला कोणी मराठीची बोली म्हटले की दुखावणारी मने होती. गोव्यात हिंदू बहुसंख्य होते, तरी निकाल असा लागला. म्हणजे धर्माच्या पलीकडे, ‘आपण आणि बाहेरचे’ ही रेघ कुठेतरी खोल उमटली होती. विलीनीकरणाविरुद्धचे सर्वांत धारदार लेखन चक्क मराठीत होत होते. ‘राष्ट्रमत’ हे मराठी दैनिक आणि त्यातले उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर हा त्या लढ्यातला महत्त्वाचा आवाज होता. आमची भाषा बोलतो तो आमच्याच मताचा, या भाबड्या समजुतीला यापेक्षा चांगले उत्तर कोणते?

पुढची गंमत अधिक विचार करण्यासारखी आहे. कौलात हरलेला महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष दोनच महिन्यांनी, मार्चमधल्या निवडणुकीत सोळा जागा घेऊन पुन्हा सत्तेवर आला. बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले आणि १९७३मध्ये मृत्यू येईपर्यंत राहिले. ज्यांनी त्यांचे विलीनीकरण नाकारले, त्यांतल्या काहींना त्यांचा कारभार हवा होता, असेच यावरून म्हणावे लागते. दोन खुणांच्या कागदावर ‘हे हवे, पण ते नको’ असे लिहायला जागा नसते. कौल विचारणाऱ्याच्या सोयीने विचारला जातो, माणसाचे मन मात्र त्याच्या स्वतःच्या सोयीने गुंतागुंतीचे असते.

आणि प्रश्न तरी मिटला का? विलीनीकरणाचा मिटला. राजभाषेचा उरला, तो पुढे वीस वर्षे धुमसला आणि त्यात रक्तही सांडले. १९८७ साली कोकणीला राजभाषेचा दर्जा मिळाला, त्याच वर्षी ३० मे रोजी गोवा घटकराज्य झाले. तरीही ‘भायले’, म्हणजे बाहेरचे, हा शब्द तिथल्या बोलण्यातून गेला नाही. कधी बांधकामावरच्या मजुराला तो लावला गेला, कधी डोंगर विकत घेणाऱ्या धनिकाला. दुसरा शब्द ‘घाटी’. हा तर थेट आपल्यासाठीचा! घाट उतरून आलेला तो घाटी. मुंबईतही पाटण, माण, खटाव, शिराळ्याच्या माणसांनी गोदीत आणि बाजारात पाठीवर पोती वाहताना हाच शब्द ऐकला. अण्णासाहेब पाटील हे पाटण तालुक्यातले. त्यांनी या पाठींना संघटित केले आणि १९६९ साली माथाडी कायदा आला. त्याआधी तीनच वर्षांपूर्वी, जून १९६६मध्ये, त्याच मुंबईत दाक्षिणात्यांच्या विरोधात शिवसेना उभी राहिली होती. म्हणजे आपला एक माणूस ‘घाटी’ म्हणून टोमणा खात होता, दुसरा ‘मद्रासी’ म्हणून टोमणा मारत होता, आणि तिसरा खानापुरातून बोचके बांधून खुद्द मद्रासेकडे दुकान टाकायला निघाला होता. तिघेही एकाच घरचे असतील, तरी नवल नाही.

आता जरा लांब जाऊ. २३ जून २०१६ रोजी ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा कौल दिला : ५१.९ विरुद्ध ४८.१. तिथेही वरचा प्रश्न करारांचा आणि सार्वभौमत्वाचा होता. आतला प्रश्न होता बाहेरून येणाऱ्या माणसांचा. पंतप्रधान कॅमेरून यांनी दुसऱ्याच दिवशी पायउतार होत असल्याचे जाहीर केले. प्रत्यक्ष बाहेर पडायला ३१ जानेवारी २०२० उजाडले. २०१६ ते २०२४ या आठ वर्षांत त्या देशाने सहा पंतप्रधान पाहिले. ज्या स्थलांतराला आळा घालायचा म्हणून कौल दिला, त्याचे काय झाले? युरोपातून येणारे घटले, पण रुग्णालये आणि वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या संस्था माणसांवाचून अडल्या, तेव्हा भारतातून, नायजेरियातून माणसे बोलवावी लागली. २०२३च्या सुमारास वर्षाला येणाऱ्या-जाणाऱ्यांतली निव्वळ वाढ नऊ लाखांच्याही वर गेली होती. कामाची गरज मतपेटीला विचारून ठरत नाही.

या गोष्टीत एक धागा पुन्हा गोव्याकडे येतो. १९ डिसेंबर १९६१पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व घेण्याची वाट खुली आहे. त्या पासपोर्टावर युरोपचे नागरिक होऊन हजारो गोवेकर ब्रिटनला गेले आणि स्विंडनसारख्या शहरात वसले. २०१६मध्ये त्या स्विंडनने सुमारे ५५ टक्के मतांनी बाहेर पडण्याचा कौल दिला. गोव्याच्या ५४ टक्क्यांशेजारी तो आकडा ठेवून पाहा. पन्नास वर्षांपूर्वी ज्यांच्या वाडवडिलांनी ‘बाहेरचे नकोत’ म्हणून पानांवर शिक्का मारला असेल, त्यांचीच नातवंडे दुसऱ्याच्या गावात ‘बाहेरची’ म्हणून मोजली गेली. मी हे उपहासाने लिहीत नाही. ही पाळी कोणावरही येते, एवढेच सांगायचे आहे.

मला सर्वांत बोचणारी गोष्ट वेगळीच आहे. १९६७मध्ये मुंबईत पोटासाठी राहणाऱ्या गोवेकरांना त्या कौलात मत नव्हते. २०१६मध्ये ब्रिटनमध्ये राबणाऱ्या पोलंडच्या, रुमानियाच्या माणसांना मत नव्हते. ज्यांच्या जगण्याचा फैसला व्हायचा, त्यांतले कितीतरी जण यादीतच नसतात. आपल्याकडे तरी काय वेगळे आहे? निवडणूक ऊसतोडीच्या हंगामात आली, तर बीडचा तोडकरी आपल्या फडात असतो आणि त्याचे मत गावाकडे. आमचा गलाईवाला केरळात असतो आणि त्याचे नाव खानापूरच्या यादीत. स्थलांतरित माणूस दोन्हीकडे राबतो आणि कुठल्याच यादीत धड नसतो.

जतची गोष्ट घ्या. १९४८ साली जत संस्थान मुंबई राज्यात आले, तेव्हा गावकऱ्यांचे मत कोणी घेतले नव्हते. १९६७च्या महाजन अहवालाने सीमेवरची २६४ गावे इकडे आणि २४७ गावे तिकडे देण्याची शिफारस केली. त्या दुसऱ्या यादीत जत तालुक्यातलीही गावे होती. त्यावरचा वाद आपण अजून वागवतो आहोत. २०१२च्या सुमारास जत पूर्व भागातल्या जवळपास चाळीस गावांनी ‘आम्हाला कर्नाटकात जाऊ द्या’ असे ठराव केले. नोव्हेंबर २०२२मध्ये कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी त्या ठरावांचा हवाला दिला आणि इकडे एकच गदारोळ उठला. गावे फितूर झाली का? मुळीच नाही. ज्या शिवारात कृष्णेचे पाणी शेजारच्या राज्याच्या बाजूने दिसत होते आणि आपल्या म्हैसाळ योजनेचे पोहोचत नव्हते, तिथल्या माणसांनी पाणी मागितले होते. ते ‘राज्य बदलून द्या’ या भाषेत मागितले, कारण साध्या भाषेत मागून कोणी ऐकले नव्हते. ठरावाचा अर्थ शब्दांत शोधला तर तो बंड दिसतो, विहिरीत डोकावून पाहिले तर तो टाहो दिसतो. गदारोळानंतर म्हैसाळच्या विस्ताराला गती आली. तीच गती दहा वर्षे आधी आली असती तर?

म्हणून मला वाटते, ‘एकदा मत घ्या’ म्हणणाऱ्याला हसू नये. त्याच्या पोटात काहीतरी दुखत असते. आमच्या त्या तरुण बागाईतदाराचेही दुखत होते. औषधे महाग, बेदाण्याचा दर पडलेला, बँकेचा हप्ता डोक्यावर आणि गावातली पोरे हाताशी नाहीत. त्याचा राग खरा आहे, पण तो ज्याच्यावर निघतो तो माणूस चुकीचा आहे. बिहारची पोरे उद्या निघून गेली, तर त्याचा दर वाढणार नाही, बाग मात्र छाटणीवाचून उभी राहील. मार्च २०२०मध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा जाणारे रस्ते भरले आणि येणारेही. परप्रांतीय मजूर इथून पायी निघाले आणि आमचे गलाईवाले तिकडून मिळेल त्या वाहनाने आले. त्या दिवसांत तरी आपण आणि ते एकाच वाटेवरची माणसे होतो.

आणि ‘आपले’ म्हणजे तरी कोण? कोयनेच्या पाण्यात गावे गेली, ते लोक दुसऱ्या जिल्ह्यांत जाऊन ‘धरणग्रस्त’ झाले. सांगलीच्या पेठेतली सेलम हळद नावाने तामिळनाडूची, तासगावच्या माळावरचे थॉमसन द्राक्ष तर नावानेच साहेब! आपण त्यांना आपले म्हटले, कारण ती या मातीत रुजली. माणसाला तेवढी सवड का देऊ नये?

यात्रेच्या शेवटच्या दिवशी वर्गणीची यादी कर्ण्यावरून वाचायची आमच्याकडे पद्धत आहे. त्या वर्षी वाचायला तोच तरुण होता. नाव, रक्कम, नाव, रक्कम असे वाचत वाचत तो एका ओळीपाशी आला आणि म्हणाला, ‘‘बेदाणा शेडवरचे बिहारवाले, एकशेएक रुपये.’’

मामा पारावरून उठले. मांडवाकडे जाऊन त्याला हळूच म्हणाले, ‘‘त्यास्नी नावं हायत की. इचारून घे.’’

तो थोडा घुटमळला. मग कर्णा बंद करून देवळाच्या पायऱ्यांवर बसलेल्या त्या पोरांकडे गेला. परत आला तेव्हा हातातल्या कागदावर सात नावे लिहिलेली होती. उच्चार चुकले, एक नाव त्याने दोनदा वाचले, पोरे हसली. देवाने कौल दिला की नाही, मला माहीत नाही. सात नावे मात्र त्या वर्षी यादीत आली.