तयार ज्या आणि अंगणांतील छाया

संगणकासाठीं प्रोग्राम लिहिण्याच्या बहुतेक भाषांत वर्गमूळ, घातांक, ज्या, स्पर्शज्या वगैरे फलनें आधींच सिद्ध करून ठेविलेलीं असतात. नांव लिहावें, कंसांत संख्या द्यावी, कीं पंधरा-सोळा अंकांपर्यंत उत्तर हातीं येतें. ह्या सोयीचें आम्हांस कौतुकच आहे. भास्कराचार्यांच्या काळीं चोवीस ज्यांची सारणी पुढ्यांत घेऊन मधल्या कोनांसाठीं त्रैराशिक मांडावें लागे; ते श्रम आतां वांचले. परंतु आलेलें उत्तर पारखावें कसें, हें त्या सोयीबरोबर मिळत नाहीं.

अहमदपूरचेंच उदाहरण घेऊं. तेथील अक्षांश सुमारें १८.७ आहेत. विषुवदिनीं मध्यान्हीं १२ अंगुळें उंचीच्या शंकूची जी छाया पडते, तिला आपले ज्योतिषी पलभा म्हणत. ती अक्षांशांच्या स्पर्शज्येच्या बारापट असते. समजा, त्या गांवच्या एखाद्या मुलीनें कॉलेजांतील अभ्यास म्हणून पायथन भाषेंत टॅन हें तयार फलन घेतलें, कंसांत १८.७ लिहिले आणि बारांनीं गुणिलें. यंत्र तत्काळ सांगेल : उणे १.८१. तक्रार नाहीं, इशारा नाहीं! छाया उणे, म्हणजे ती दक्षिणेस पडली पाहिजे. पण अहमदपुरास मध्यान्हींचा सूर्य माथ्याच्या उत्तरेस असतो तो मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंतच. मार्चांत दुपारची सावली दक्षिणेस गेलेली तेथील कोणत्याही अंगणांत दिसणार नाहीं.

घोटाळा इतकाच, कीं हें फलन अंश जाणत नाहीं. त्यास कोन रेडियनमध्यें द्यावा लागतो. १८.७ रेडियन म्हणजे वर्तुळाचे जवळजवळ तीन पुरे फेरे, किंचित् कमी. म्हणून उत्तर लहान आणि उणें आलें. अंशांचे रेडियन करून दिले, म्हणजे ४.०६, अर्थात् चार अंगुळें व सुमारें चार व्यंगुळें, ही खरी पलभा मिळते.

रेडियन ही परकी आणि अडचणीची रीत आहे, असें विद्यार्थी म्हणतात. आम्हांस तसें वाटत नाहीं. वर्तुळाच्या परिघाच्या २१,६०० कला धरून त्रिज्या ३४३८ मानण्याची आपली जुनी चाल आहे. ३४३८ कला म्हणजे ५७.३ अंश, आणि एक रेडियनही तेवढाच! कंस आणि त्रिज्या एकाच मापानें मोजावीं, ही कल्पना दोन्हींकडे एकच आहे.

सोयीचा मोहही नवा नाहीं. नांदगांवच्या गणेश दैवज्ञांनीं १५२० सालीं ‘ग्रहलाघव’ रचून ज्या-चाप मुळींच न वापरतां ग्रहगणित करून दाखविलें. ही बुद्धीची मोठीच झेप होती, आणि महाराष्ट्रांतील पंचांगें पुढें पुष्कळ काळ त्या ग्रंथावर चाललीं. तथापि स्वतः गणेशांस ज्या ठाऊक होत्या, म्हणून त्यांस त्या टाळतां आल्या. केवळ त्यांचे आंकडे घोकणाऱ्यास तें साधलें नसतें. (दोहोंचें वर्गमूळ काढून त्याचा पुन्हा वर्ग केला असतां यंत्र दोन न देतां २.००००००००००००००४ देतें, तेव्हां बरोबरीची कसोटी लावून बसणारा असाच फसतो.)

तयार फलनें मुलांस वर्ज्य करावीं, असें सुचविणारे शिक्षक आहेत. तें आम्हांस पटत नाहीं. मात्र पहिल्या खेपेस एक ज्या हातानें काढवावी. सातव्या शतकांतील पहिल्या भास्करानें त्यासाठीं सुटसुटीत रीत दिली आहे : अंशांस १८० उणे अंशांनीं गुणावें, त्या गुणाकाराच्या चौपटीस, ४०,५०० मधून तोच गुणाकार वजा करून उरलेल्या संख्येनें भागावें. १८.७ अंशांस ह्या रीतीनें ०.३२२ येतात, यंत्र ०.३२१ देतें. वहीच्या अर्ध्या पानांत हें होतें, आणि उणें चिन्ह उमटलें तर तें का उमटलें हें विचारण्यास तेवढें पुरतें.