शर्यतीचे रस्ते : काही चांगले, काही वाईट



बहात्तर वर्षांच्या बाईने व्हिडिओ गेमवर मत द्यावं का, असा प्रश्न आमच्याच घरात काहींना पडला आहे. माझं उत्तर सोपं आहे. सगळा जन्म मराठी शिकवलं, एकही कादंबरी न लिहिता कादंबऱ्यांवर मतं दिलीच ना? इथे तर मी स्वतः खेळते. नातवंडं सुट्टीला धाराशिवला आली की तो रिमोट (नातू म्हणतो 'कंट्रोलर') माझ्याही हातात येतो. हरते, पण खेळते.

तर मुद्दा असा. मुलं नेहमी गाड्यांबद्दल बोलतात, कुठली भारी, कुठली किती पळते. मला वाटतं, शर्यतीचा खेळ चांगला की वाईट हे गाडीवरून नाही, ट्रॅकवरून ठरतं. ट्रॅक तपासायची माझी पट्टी शाळेतलीच. चुकलात तर का चुकलात ते कळतं का? चुकीची किंमत मोजावी लागते का? आणि ती मोजल्यावर पुन्हा उभं राहता येतं का? तिन्ही उत्तरं 'हो' आली की ट्रॅक पास.

माझा पहिला नंबर जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगच्या 'नॉर्डश्लाइफ'ला. हा खराखुरा ट्रॅक, १९२७ सालचा, २० किलोमीटरहून लांब, जंगलातून चढत-उतरत जाणारा. जॅकी स्ट्युअर्ट या शर्यतपटूने त्याला 'हिरवा नरक' म्हटलं. १९७६ मध्ये तिथे निकी लाउडा भाजला आणि त्यानंतर फॉर्म्युला वन तिकडे फिरकली नाही. २००४ च्या 'ग्रान तुरिस्मो ४' या खेळात तो आला, आणि भाच्याच्या घरी मी पाहिला. हा एका दमात पाठ होत नाही. आज चार वळणं, उद्या आणखी चार, पाढ्यांसारखं. ज्याला घाई, तो गवतात. मला असे मास्तर आवडतात.

दुसरा 'मारिओ कार्ट'मधला 'रेनबो रोड'. १९९२ पासून हा इंद्रधनुषी रस्ता त्या मालिकेत येतो आहे. आमची नात त्याला सगळ्यात वाईट म्हणते, कारण कडेवरून आकाशात पडायला होतं. पण पडलं की ढगावर बसलेला एक प्राणी येतो, उचलतो, रस्त्यावर ठेवतो. तोवर बाकीचे पुढे गेलेले असतात. शिक्षा झाली, पण शाळेतून नाव काढलं नाही! यात अन्याय कुठे आहे?

आपल्या देशातला म्हणाल तर ग्रेटर नोएडाचा 'बुद्ध' ट्रॅक, ५.१२५ किलोमीटरचा. गंमत अशी की 'एफ १ २०११' हा खेळ सप्टेंबरमध्ये बाजारात आला आणि खरी शर्यत झाली ३० ऑक्टोबरला. म्हणजे पोरांनी तो पडद्यावर आधी पालथा घातला, खरे ड्रायव्हर नंतर आले. तिथे फॉर्म्युला वनच्या तीनच शर्यती झाल्या, २०११ ते २०१३. तिन्ही सेबॅस्टियन व्हेटेलने जिंकल्या. चढउतार छान आहेत, पास करते. (थोडे गुण देशाभिमानाचे.)

आता नापास कोण? तुम्हाला वाटेल 'रोड रॅश'. पूर्वी सायबर कॅफेत पोरं हाच खेळ खेळायची आणि आम्ही सगळे त्याला नावं ठेवायचो. साखळीने मारामारी, दुसरं काय! पण त्यातसुद्धा मोटारसायकलवरून फेकले गेलात तर उठून गाडीपर्यंत धावत जावं लागतं, आणि पोलिसाने पकडलं तर दंड. किंमत आहेच.

माझ्या मते सगळ्यात वाईट रस्ता २०१२ च्या 'ट्रॅफिक रेसर'चा. मोबाइलवरचा खेळ, सरळसोट न संपणारा हायवे. शंभरच्या वर वेगात दुसऱ्या गाडीला अगदी घासून ओव्हरटेक केलं की जादा गुण आणि पैसे. दुहेरी रस्त्यावर समोरून येणाऱ्यांच्या बाजूने, म्हणजे राँग साइडने चालवलं तर आणखी पैसे! धडकलात की डाव संपतो खरा, पण जमलेले पैसे तुमचेच राहतात. म्हणजे चुकीची किंमत नाहीच, उलट पगार.

नातू म्हणतो, "आजी, गेम आहे गं तो!" मान्य. गेम खेळून मुलं बिघडतात असं मी म्हणत नाही. पण मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली, आणि वाहतुकीच्या विरुद्ध दिशेने गाडी चालवणं कलम १८४ खाली धोकादायक ड्रायव्हिंग ठरलं. ज्या गोष्टीला कायदा शिक्षा सांगतो, तिला हा रस्ता शाबासकी देतो. आमच्या सोलापूर–धुळे महामार्गावर दुभाजकातला कट लांब पडतो म्हणून लोक सर्रास उलट्या बाजूने येतात. गळीत हंगामात तर उसाच्या ट्रॉल्या, मागे दिवा नाही. माझ्या वर्गातली दोन मुलं या रस्त्यावर गेली. २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. हा आकडा मी वाचते तेव्हा मला हजेरीपट आठवतो. आणि नातवाला यंदाच लायसन्स मिळालं आहे.

म्हणून माझी एक मागणी आहे. भाचेकंपनीत संगणकवाले पुष्कळ आहात, कोणीतरी सोलापूर ते येडशी असा ट्रॅक बनवा. तुळजापूरचा घाट ठेवा, अंधारात उसाची ट्रॉली ठेवा, कोजागरीला देवीकडे अनवाणी चालत निघालेली माणसं ठेवा. जो त्यांच्यासाठी वेग कमी करेल, त्याला गुण. अवघड होईल की नाही बघा! नॉर्डश्लाइफपेक्षाही अवघड.

असो. तोवर एवढं करा. घरातलं पोरगं शर्यत खेळत असेल तर दोन मिनिटं शेजारी बसा आणि पाहा, त्या रस्त्यावर गुण कशाला मिळतात. काय दिसलं ते मला जरूर कळवा.